शस्त्रबंदीचा कायदा आणि उमेदवाराची पारख

प्रस्तुत विषयाचें नांव वाचून वाचकांस किंचित् आश्चर्य वाटेल. बंदुकीचा परवाना ही आपल्याकडे कचेरींतील बाब आणि निवडणुकीचा उमेदवार ही सभामंडपांतील बाब. या दोहोंचा संबंध अमेरिकेंत असतो, आपल्याकडे तो कधीं नव्हता, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. इ. स. १८८७ पासून १९४८ पर्यंत, सुमारें साठ वर्षें, ‘हा मनुष्य शस्त्रबंदीच्या कायद्याविषयीं काय म्हणतो’ हा प्रश्न आपल्या सार्वजनिक जीवनांत पुढाऱ्याच्या पारखीची एक कसोटी होता, आणि त्या कामीं नागपूर-वऱ्हाडकडील माणसें इतरांच्या मागें नव्हतीं. ती कसोटी पुढें कोठें गेली, आणि ज्याच्या खांद्यावर खरोखर बंदूक होती त्याच्या हातीं ती कधीं आली काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

तुलनेसाठीं अमेरिकेची रीत थोडक्यांत सांगतों. तेथील राज्यघटनेस १७९१ सालीं जी दुसरी दुरुस्ती जोडली गेली तींत शस्त्र बाळगण्याचा लोकांचा अधिकार नमूद आहे. १८७१ सालीं निघालेली नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था मूळची नेमबाजी शिकविणारी. १९६८ सालीं बंदुकांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, तेव्हांपासून तिचा ओढा राजकारणाकडे वाढला. १९७५ त तिनें कायदेमंडळाच्या कामासाठीं निराळी शाखा काढली, आणि १९८० सालीं रोनाल्ड रेगन यांस पाठिंबा देऊन अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या बाजूनें प्रथमच उघड कौल दिला. उमेदवाराची परीक्षा घेण्याची तिची पद्धत आम्हां शिक्षकांस ओळखीची वाटावी अशी आहे. उमेदवारानें पूर्वीं कायदेमंडळांत कोणत्या बाजूस मत दिलें, जाहीरपणें तो काय बोलला, आणि संस्थेनें पाठविलेल्या प्रश्नपत्रिकेस त्यानें काय उत्तरें दिलीं, हें पाहून त्यास ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी दिली जाते. प्रश्नपत्रिकेस उत्तरच न देणाऱ्याच्या नांवापुढें प्रश्नचिन्ह पडतें, आणि तें बहुधा नापासाच्या शेजारचें समजतात. दोघे सारख्याच गुणांचे निघाले तर जो आधींपासून पदावर आहे त्यास झुकतें माप मिळतें. ही सारी यंत्रणा चालते याचें कारण एकच आहे. ज्याला मत द्यावयाचें तोच कायदा करणारा असतो, आणि आपणांस कोणता कायदा हवा हें मत देणाऱ्यास ठाऊक असतें.

आपल्या शस्त्रबंदीची जात वेगळी. १८५७ च्या उठावानंतर प्रजेस निःशस्त्र करण्याचीं पावलें पडूं लागलीं, व लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा अकरावा कायदा होऊन तीं पक्कीं झालीं. त्याच वर्षीं देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदाहि झाला होता. पण लॉर्ड रिपनच्या अमदानींत वृत्तपत्रांचा कायदा गेला, शस्त्रांचा राहिला. त्यांत नुसत्या बंदुकाच नव्हत्या. तलवार, खंजीर, संगीन, भाला, भाल्याचें पातें, इतकेंच काय, धनुष्यबाण हींहि ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येंत आलीं. उलट यूरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांस या बंधनांतून सूट होती, आणि खरा दंश होता तो येथेंच.

आमच्या वऱ्हाडांत या प्रकाराला आणखी एक कांगोरा होता. १८५३ च्या तहानें हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, तरी नांवाचें स्वामित्व निजामाचें राहिलें. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. ते निराळ्या हुकुमानें लागू करावे लागत. म्हणजे ज्या सिंदखेडास जिजाबाईंचा जन्म झाला, तेथील एखाद्या घराण्यास भिंतीवरची वडिलार्जित तलवार भिंतीवरच राहूं द्यावयाची तर कागदोपत्रीं निजामाची प्रजा असून इंग्रजाच्या कायद्यानें डेप्युटी कमिशनरच्या मर्जीवर अवलंबून राहावें लागे. याहून अधिक अपमान कोणता, असें त्या पिढीस वाटलें असल्यास नवल नाहीं.

अपमान हाच शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. डिसेंबर १८८७ मध्यें मद्रासेस बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभेचें तिसरें अधिवेशन भरलें, तेव्हां शस्त्रांच्या कायद्याचा प्रश्न तेथें निघाला, आणि बिपिनचंद्र पाल या तरुण वक्त्यानें त्या कायद्यावर तिखट भाषण केलें. ठरावाचा रोख असा कीं, प्रजा राजनिष्ठ असतां तिच्यावर अविश्वासाचा डाग लावणें अन्यायाचें आहे. रानटी जनावरांचा उपद्रव, दरोडेखोरांचें भय, पिकांची नासाडी हीं कारणें त्या काळच्या चर्चेंत येत नसत असें नाहीं. पण तीं तोंडीं लावण्यापुरतीं. मुख्य पक्वान्न अब्रूचें. त्या वेळीं निवडणुका अशा नव्हत्याच, त्यामुळें मतदारानें कोणाची परीक्षा घेण्याचा प्रसंग नव्हता. तरी व्यासपीठावर कोणास टाळ्या द्याव्या व कोणास नेमस्त म्हणून बाजूस सारावें याच्या हिशेबांत शस्त्रांचा कायदा येऊं लागला तो येथून. पुढें १८९७ सालीं राष्ट्रसभा अमरावतीस भरली, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष झाले, आणि तेव्हांपासून वऱ्हाडांतील वकील व देशमुख-पाटील मंडळींस राष्ट्रसभेचे ठराव घरचे वाटूं लागले.

अहिंसेचे उद्गाते गांधीजी यांनीं या प्रश्नाविषयीं काय म्हटलें होतें, याची आज फारशी आठवण ठेविली जात नाहीं. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं हिंडत असतां, सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा कायदा हें इंग्रजी राज्याच्या कृत्यांतील अत्यंत काळें कृत्य म्हणून इतिहास त्याकडे पाहील, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें. त्यानंतर लौकरच, १९२० च्या नियमांनीं, गोऱ्याकाळ्याचा भेद करणारी सूट निदान कागदावरून निघाली. अपमानाचें मूळ अशा रीतीनें थोडें कापलें गेलें. परंतु परवान्याची किल्ली होती तेथेंच राहिली.

आतां मतांचा काळ आला. १९१९ च्या सुधारणांनीं प्रांतिक कौन्सिलें मोठीं झालीं, आणि १९२३ च्या निवडणुकींत मध्यप्रांत-वऱ्हाडांत स्वराज्य पक्षास जें यश मिळालें तसें दुसऱ्या कोणत्याहि प्रांतांत मिळालें नाहीं. त्यांनीं मंत्र्यांचे पगार कापले, दुहेरी राज्यपद्धति बंद पाडून दाखविली. पण पोलीस व शांतता हीं खातीं ‘राखीव’. तीं गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी सभासदांच्या हातीं. मतदारानें शस्त्रांच्या प्रश्नावर उमेदवारास कितीहि कसून विचारलें असतें, तरी निवडून आलेला मनुष्य त्या बाबतींत भाषणापलीकडे कांहीं करूं शकत नव्हता. १९२५ सालीं अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांतील जागा पत्करली, तेव्हां त्यावरून स्वराज्य पक्षांत केवढी फाटाफूट झाली हें प्रसिद्ध आहे. त्या वादांत ‘सत्ता घ्यावी कीं न घ्यावी’ हा प्रश्न होता. सत्ता घेतल्यावर बंदुकीच्या परवान्याचें काय करावें, हें विचारण्यापर्यंत मजल गेली नाहीं.

कौन्सिलांतून जें होईना तें रस्त्यावर करून पाहण्याचा प्रयत्न १९२७ सालीं नागपुरांत झाला. मंचेरशा अवारी हे जन्मानें पारशी, वृत्तीनें काँग्रेसचे कार्यकर्ते. लोक त्यांना ‘जनरल’ म्हणत. त्यांनीं शस्त्रांच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह पुकारला. त्याची रीत अशी कीं, परवाना न काढतां तलवारीसारखीं शस्त्रें उघडपणें हातीं घेऊन मिरवणुकीनें निघावयाचें आणि सरकारनें पकडलें तर पकडूं द्यावयाचें. बंगालमध्यें चौकशीवांचून अटकेंत ठेवलेल्या तरुणांची सुटका व्हावी, हीहि मागणी त्याशीं जोडलेली होती. अवारी यांस कारावास घडला. या लढ्याची हकीकत वाचतांना एक विनोद व एक अडचण अशीं दोन्ही दिसतात. विनोद हा कीं, ज्यांस ती तलवार चालवितां येत नव्हती व चालवावयाचीहि नव्हती, त्यांनीं ती धरावयाची. आणि अडचण ती गांधीजींनीं दाखविली. सत्याग्रह म्हणजे शस्त्राचा त्याग. शस्त्र हातीं घेऊन तो करणें त्यांस विसंगत वाटलें, व त्यांनीं या चळवळीस आपला आशीर्वाद दिला नाहीं. मला स्वतःला अवारींची बाजू तितकी हास्यास्पद वाटत नाहीं. मीठ उचलणें हा जर मिठाच्या कायद्याचा भंग, तर तलवार उचलणें हा शस्त्रांच्या कायद्याचा भंग. वस्तु निराळी म्हणून न्याय निराळा कां व्हावा? पण हा वाद येथें वाढविण्याचें कारण नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, नागपुरासारख्या शहरांत लोक यासाठीं तुरुंगांत जाण्यास तयार झाले, तरी सत्याग्रहाच्या मागणींत शेताच्या राखणीचा उल्लेख प्रमुख नव्हता. शहरची मिरवणूक, अब्रूचा प्रश्न.

दुसऱ्याच वर्षीं, १९२८ त, मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनें स्वराज्याच्या घटनेचा मसुदा सिद्ध केला. या समितींत आमच्या वऱ्हाडचे, यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे होते. मसुद्यांतील मूलभूत अधिकारांत प्रत्येक नागरिकास शस्त्र बाळगण्याचा व धारण करण्याचा अधिकार राहील असें कलम आहे; परंतु तें ‘त्यासंबंधीं केलेल्या नियमांस अनुसरून’. व्याकरण शिकविणाऱ्यास ठाऊक असतें कीं, कधीं कधीं विशेषण विशेष्यास गिळून टाकतें. १८७८ चा कायदाहि ‘नियमांस अनुसरून’ परवाने देतच होता. १९३० च्या जानेवारींत गांधीजींनीं व्हाइसरॉयपुढें ज्या अकरा मागण्या ठेविल्या त्यांतील एक मागणी आत्मसंरक्षणार्थ बंदुकांचे परवाने देण्याची, आणि त्यावर लोकांचें नियंत्रण ठेवण्याची होती. माझ्या मतें या सर्व साठ वर्षांत केलेली सर्वांत नेमकी मागणी हीच. तिनें ‘अधिकार असावा कीं नसावा’ हा घोळ बाजूस सारून ‘परवाना कोणाच्या हातीं’ या मर्मावर बोट ठेविलें. १९३१ च्या कराचीच्या ठरावांत मात्र पुन्हा नेहरू समितीचीच भाषा आली: अधिकार आहे, नियम व अपवाद यांसह.

१९३७ च्या निवडणुका या ठरावाच्या छायेंत झाल्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेंत ११२ पैकीं ७० जागा काँग्रेसनें मिळविल्या. आतां तरी ज्याला मत दिलें त्याच्या हातीं कायदा आला काय? तर नाहीं. १९३५ च्या कायद्यानें विषयांची जी वांटणी केली तींत ‘शस्त्रें, बंदुका व दारूगोळा’ हा विषय संघीय यादींत घातला होता. प्रांतिक मंत्र्यास पोलीस मिळाले, परवान्याच्या अंमलबजावणीवर थोडी नजर ठेवतां आली. मूळ कायद्यास हात लावतां येत नव्हता. कसोटी घासावयाची, पण सोनें दुसऱ्याच्या तिजोरींत, अशी ही स्थिति.

याच सुमारास ही कसोटी अधिक कडक करून पाहणारा दुसरा पक्ष पुढें आला. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा सारा भर लष्करी शिक्षणावर. १९३७ सालीं नाशिकास भोंसला मिलिटरी स्कूल निघालें तें त्यांच्या खटपटीनें. त्याच वर्षीं बॅ. सावरकर हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले आणि सैनिकीकरण हा त्यांच्या प्रचाराचा मोठा भाग झाला. शस्त्रांचा कायदा सैल करावा ही मागणी त्याचाच एक भाग. मत द्यावें तें हिंदुहिताची उघड ग्वाही देणाऱ्यासच, असें मतदारांस स्पष्ट सांगण्याची रीतहि त्यांनीं पाडली. अमेरिकन पद्धतीच्या जवळ आपल्याकडे कोणी आलें असेल तर तें येथें: कार्यक्रम आधीं, उमेदवार मागून, आणि कार्यक्रमावर उमेदवार तपासून घ्यावयाचा. १९४५ च्या अखेरीस मध्यवर्ती विधानसभेच्या निवडणुका झाल्या, तेव्हां मतदारांनीं या पक्षास जवळजवळ पुसून टाकलें. त्या कौलाचीं कारणें अनेक आहेत, त्यांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. एवढें मात्र म्हणतां येईल कीं, ज्यांच्या मनांत फौज होती त्यांनीं मागितलेली बंदूक आणि शेताच्या माचाणावर बसणाऱ्यानें मागितलेली बंदूक या एकच वस्तु नव्हत. पहिलीविषयीं व्याख्यानें झालीं. दुसरीसाठीं अर्ज झाले.

बुलढाणा जिल्ह्याची दक्षिण सीमा त्या काळीं निजामाच्या मुलखास भिडलेली होती. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलीस कारवाई होईपर्यंत सरहद्दीवरच्या गांवांस रझाकारांचें भय होतें, आणि आमच्या घरचीं वडीलधारीं माणसें सांगत कीं, त्या वर्षीं ज्याच्या घरीं ठासणीची कां होईना बंदूक आहे त्याच्या ओसरीवर रात्रीं चार शेजारी निजावयास येत. हें सांगण्याचें प्रयोजन असें कीं, त्याच वर्षाच्या अखेरीस घटनासमितींत जो वाद झाला तो निर्वातांत झालेला नव्हता. एका बाजूस हें भय. दुसऱ्या बाजूस, त्याच वर्षाच्या ३० जानेवारीस गांधीजींचा खून पिस्तुलानें झालेला.

१९४८ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत घटनासमितीपुढें मसुद्याचें तेरावें कलम, म्हणजे आजचें एकोणिसावें, चर्चेस आलें. त्यांत शस्त्र बाळगण्याचा अधिकार घालावा, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनीं मांडली. कामत हे आय. सी. एस. सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्यें गेलेले गृहस्थ, आणि घटनासमितींत ते आले होते ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या वतीनें. कराचीच्या ठरावांत काँग्रेसनें जें देशास वचन दिलें तें सत्ता हातीं आल्यावर कां विसरावें, हा त्यांचा प्रश्न. दुरुस्तींत त्यांनींहि नियमांची अट ठेविली होती, म्हणजे ते कांहीं निर्बंधरहित अधिकार मागत नव्हते. डॉ. आंबेडकरांनीं उत्तर दिलें कीं, इंग्रज अमदानींत या मागणीस अर्थ होता, आतां परिस्थिति पालटली आहे. प्रत्येकानें बाजारांत जाऊन मारक साधनें बिनदिक्कत विकत घ्यावयाचीं म्हटलें तर राज्यकारभार चालावा कसा. सराईत गुन्हेगारांनींहि हाच हक्क सांगितला तर त्यास काय म्हणावें. आणि आग्रहच धरावयाचा तर शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचा न धरतां कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती नामंजूर झाली.

या उत्तरांतील शेवटचा मुद्दा वाचतांना आम्हां जुन्या वळणाच्या संस्कृतज्ञांस थांबावें लागतें. मीमांसकांच्या परिभाषेंत ‘अधिकार’ म्हणजे मागून घेण्याची वस्तु नव्हे. कर्म करण्याची पात्रता व त्याची जबाबदारी असा तो अर्थ आहे. मनूनें आठव्या अध्यायांत द्विजांनीं शस्त्र हातीं घ्यावें असें म्हटलें आहे तेंहि धर्माचा अवरोध होत असतां, म्हणजे कर्तव्य म्हणूनच. अर्थात् मनूनें ती मोकळीक द्विजांपुरती ठेविली, आणि ज्या पुरुषानें मनुस्मृतीचें दहन केलें त्यानेंच कर्तव्याचा हा सिद्धान्त सर्व नागरिकांसाठीं उच्चारावा, हा योगायोग चिंतनीय आहे. तथापि वादाच्या दृष्टीनें पाहतां डॉक्टरसाहेबांनीं कामतांस दिलेलें उत्तर पुरें नव्हतें असें मला वाटतें. कामतांचा प्रश्न वचनाचा होता. उत्तर व्यवस्थेचें मिळालें. आणि दोघांच्याहि बोलण्याच्या केंद्रस्थानीं नागरिक व राज्य होतीं. ज्याचा मका रात्रीं रानडुकरें लोळवितात त्याची बाजू त्यांत गौणच राहिली.

येथें ती कसोटी संपली. अपमान करणारा गेला, म्हणून अपमानावर उभारलेली परीक्षाहि गेली. राज्यघटनेनें शस्त्रांचा विषय पुन्हा केंद्राच्या सूचींत, पांचव्या क्रमांकास, ठेविला. १८७८ चा कायदा मात्र स्वतंत्र भारतांत आणखी बारा-चौदा वर्षें चालूच होता, ही गोष्ट विस्मरणांत गेली आहे. १९५९ सालीं नवा शस्त्र अधिनियम झाला, त्याच्या उद्देशपत्रिकेंत, जुन्या कायद्याचा हेतु सबंध राष्ट्रास निःशस्त्र करण्याचा होता असें संसदेपुढें स्पष्ट म्हटलें गेलें. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमांत आमच्या शेतकऱ्याचें नांव न घेतां त्याची ओळख पटावी अशी तरतूद आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, असें तें कलम सांगतें. कोणत्याहि मिरवणुकीनें, कोणत्याहि पक्षाच्या कसोटीनें हें मिळालेलें नाहीं, व म्हणूनच कोणत्याहि पक्षास तें राखण्याची काळजी नाहीं.

पुढच्या काळांत बंदूक बाळगणाऱ्यांचा आवाज मुळींच उठला नाहीं असें नव्हे. या शतकांत नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया या नांवाची संघटनाहि निघाली. निवेदनें देणें, नियमांच्या मसुद्यांवर आक्षेप नोंदविणें हें तिचें काम. २०१९ सालीं केंद्र सरकारनें एका परवानाधारकास तीनऐवजीं एकच बंदूक ठेवूं द्यावी असें विधेयक आणलें, तेव्हां विशेषतः उत्तरेकडून आक्षेप आले, आणि डिसेंबरांत विधेयक संमत झालें तें एकाऐवजीं दोन बंदुकांवर. खासदारांवर दडपण आणून कायद्याचा आंकडा बदलून घेतल्याचें आपल्याकडील हें ठळक उदाहरण. दक्षिणेंत कोडगूच्या लोकांस इंग्रजांच्या काळापासून परवान्याची माफी आहे व तीहि टिकून राहिली आहे. पण हीं उदाहरणें ज्यांच्या घरांत बंदूक ही परंपरा किंवा प्रतिष्ठा आहे त्यांचीं. बुलढाण्याच्या शेतकऱ्यास तिसऱ्या बंदुकीचें दुःख नाहीं. त्याच्यापाशीं एकच असते, आणि तीहि असली तर.

त्याची अडचण निराळीच आहे, आणि ती नेमकी निवडणुकींतच उपस्थित होते. निवडणूक जाहीर झाली म्हणजे परवान्याचीं शस्त्रें पोलीस ठाण्यांत जमा करण्याचें काम सुरू होतें. नियमाप्रमाणें जिल्ह्याची छाननी समिति कोणाचें शस्त्र जमा करावें हें ठरविते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वीं निवडणुकीच्या दंग्यांत सांपडलेले, यांवर तिची विशेष दृष्टि असावी असा संकेत आहे. पण खेड्यांत निरोप पोंचतो तो ‘बंदूक आणून द्या’ एवढाच, आणि कोर्टकचेरीचा अनुभव नसलेला मनुष्य ती नेऊन देतो. निकाल लागून आठवडा उलटला म्हणजे परत आणतो. कौटिल्यानें सैनिकांनाहि शस्त्रें आयुधागारांत ठेवावयास लावून मुद्रेच्या अनुज्ञेवांचून शस्त्रानिशीं हिंडूं नये असें सांगितलें आहे. त्याला ही व्यवस्था पसंत पडली असती. मला स्वतःला तिच्या हेतूविषयीं शंका नाहीं. मतदानाच्या दिवशीं गांवांत बंदुका हिंडूं नयेत, हें बरेंच. प्रश्न पंचांगाचा आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुका २००९, २०१४ व २०१९ या तिन्ही वेळां ऑक्टोबरांत झाल्या. २०१४ ची घोषणा १२ सप्टेंबरास, मतदान १५ ऑक्टोबरास, मोजणी १९ ऑक्टोबरास. सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचा हाच तो काळ, जेव्हां आमच्याकडे मका कणसांत असतो, भुईमूग काढणीला येतो, कपाशी फुटूं लागते, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेंतून व ज्ञानगंगेच्या रानांतून डुकरें व रोही रात्रीं खालीं उतरतात. अमेरिकेंत निवडणूक आली म्हणजे बंदूकवाला उमेदवारास तपासतो. आमच्याकडे निवडणूक आली म्हणजे सरकार बंदूकवाल्यास तपासतें.

आणि उमेदवारास तपासावयाचें म्हटलें तरी कोणत्या? कायदा दिल्लीस, म्हणून तो खासदारास विचारावयाचा; पण ऑक्टोबरांत खासदाराची निवडणूक नसते. नुकसानभरपाई व डुक्कर मारण्याची परवानगी वनखात्याकडे, म्हणून ती आमदाराच्या कानीं घालावयाची; पण बंदूक ठाण्यांत असतां परवानगीचा उपयोग काय? आणि परवाना देणारा जिल्हाधिकारी, तो तर कोणाच्याच मतानें येत नाहीं.

२०१४ च्या त्या निवडणुकींत मी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून अभयारण्याच्या कडेच्या एका खेड्यांत होतों. आदल्या रात्रीं शाळेच्या वऱ्हांड्यांत आमचा मुक्काम. गांवांतला एक वृद्ध शेतकरी कंदील घेऊन आला, रानांत डबे वाजवून हांकारा घालावयास निघाला होता. बसला, आणि म्हणाला, “गुर्जी, बंदूक ठान्यात हाय न् डुकरं वावरात हायेत. आता हे कोनाले इचाराव?” आचारसंहितेच्या भयानें मीं उत्तर दिलें नाहीं, खरें म्हणजे उत्तर मजपाशीं नव्हतेंहि. दुसऱ्या दिवशीं दहाच्या सुमारास तो रांगेंतून आंत आला. डोळे रात्रभर जागल्यानें तांबडे झालेले. बंडीच्या खिशांतून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांतला घडी केलेला कागद त्यानें माझ्या सहकाऱ्यापुढें ठेविला. सहकाऱ्यानें तो उलगडला व मजकडे दिला. ती ठाण्यांत बंदूक जमा केल्याची पावती होती. मीं ती परत केली आणि मतदार ओळखपत्र मागितलें. तें त्याच पिशवींत, खालीं होतें.